थेम्सबाईंचा गोतावळा आणि वाचकांची भांडणं

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये भर थंडीच्या रात्री एका माणसाचं मुंडकं उडवलं जातं. घटनास्थळी बंदोबस्ताला ठेवलेला नवखा कॉन्स्टेबल पीटर ग्रँट गारठून उभा असताना एक साक्षीदार आपणहून पुढे येतो आणि पाहिलेलं सगळं व्यवस्थित सांगू लागतो. अडचण एवढीच, की या साक्षीदाराला मरून शंभराहून जास्त वर्षं झालेली असतात. पीटर पळत सुटत नाही, देवाचा धावाही करत नाही. साक्षीदार म्हटला की जबाब आलाच, म्हणून तो जबाब घेऊ लागतो.

बेन अ‍ॅरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही कादंबरी इथून सुरू होते. गोलान्झ या प्रकाशन संस्थेनं ती जानेवारी २०११ मध्ये काढली. अ‍ॅरोनोविच तेव्हा अगदीच नवखे नव्हते. १९८८ आणि १९८९ मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेसाठी त्यांनी दोन कथा लिहिल्या होत्या. पुढे टीव्हीची कामं आटली आणि ते पोटापाण्यासाठी पुस्तकांच्या दुकानात नोकरीला लागले. दुकानही कॉव्हेंट गार्डनमधलंच. म्हणजे कादंबरीतला पहिला खून लेखकानं आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर पाडला. आता मालिकेत दहा कादंबऱ्या झाल्या आहेत, शिवाय लघुकादंबऱ्या, कथा आणि कॉमिक्स वेगळी. तरी पहिल्या पुस्तकावरचा वाचकांचा वाद काही मिटलेला नाही.

या वादातली गंमत अशी, की पुस्तक डोक्यावर घेणारे आणि अर्ध्यात खाली ठेवणारे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. ती म्हणजे पीटरची बडबड. कादंबरी तोच सांगतो, आणि हा गडी सरळ बोलत नाही. खुनी हातातून निसटत असतो आणि याचं लक्ष समोरच्या इमारतीच्या खिडक्या कुठल्या राजाच्या काळातल्या, इकडे. वरिष्ठांच्या मते हाच त्याचा मोठा दोष, त्यामुळे खात्यानं त्याला आयुष्यभर इतरांची कागदपत्रं नीट लावण्याच्या टेबलावर बसवायचं ठरवलेलं असतं. भुताचा जबाब त्याला त्या टेबलापासून वाचवतो.

हसू येतं ते याच कागदपत्रांमुळे. लंडनच्या पोलीस दलात जादूटोण्याचा एक विभाग आहे, आणि त्यात नेमका एक अधिकारी उरला आहे, इन्स्पेक्टर नाइटिंगेल. हे गृहस्थ १९०० साली जन्मलेले असूनही चाळिशीचे दिसतात, जुनी जॅग्वार चालवतात आणि रसेल स्क्वेअरमधल्या ‘फॉली’ नावाच्या अवाढव्य जुन्या वास्तूत राहतात. खात्यातल्या वरच्या मंडळींना हा विभाग ठाऊक आहे, पण त्याच्याबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही. सरकारी यंत्रणा कशी चालते हे ज्यानं पाहिलंय त्याला इथली मेख लगेच कळते. अशक्य गोष्ट समोर आली की यंत्रणा आधी विचारते, ही कुणाच्या अखत्यारीत येते? पिशाच्चांचा निकाल लावायचा, तर त्याचा अहवाल कुठल्या नमुन्यात भरायचा? हा विनोद ओढूनताणून आणलेला वाटत नाही, कारण पोलिसी कामाचा तपशील खरा वाटतो: पाळ्या, थंड झालेला चहा, सीसीटीव्हीचं तासन्‌तास चालणारं चित्रण, दारोदार फिरून विचारपूस.

जादूचंही तेच. या कादंबरीत जादूचं शास्त्र बसवलं ते आयझॅक न्यूटननं, त्यामुळे मंत्र लॅटिनमध्ये आणि अभ्यास घोकून. पीटरला मात्र घोकण्यापेक्षा प्रयोगात रस. जादू केली की जवळच्या मोबाइलमधल्या चिपची वाळू होते हे लक्षात आल्यावर तो त्याचेच प्रयोग करत बसतो. विज्ञान शिकलेल्या वाचकांना हा पीटर फार जवळचा वाटतो. तलवारी, भाकितं आणि निवडलेला राजपुत्र यांच्या आशेनं आलेल्यांना तो कंटाळवाणा वाटतो.

पुस्तक बाजारात आलं तेव्हापासून ‘मोठा होऊन पोलिसात भरती झालेला हॅरी पॉटर’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. खपासाठी ती सोयीची असली तरी तिनं वाचकांची बरीच दिशाभूल केली. इथे भविष्यवाणीनं निवडलेलं पोर नाही आणि शाळाही नाही. पगारावर काम करणारा पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण आहे आणि त्याच्यावर साहेब आहेत. नातं जुळवायचंच तर टेरी प्रॅचेट यांच्या शहर-पहारेकऱ्यांच्या कादंबऱ्यांशी जुळेल, १९८९ च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून सुरू झालेल्या. लंडनच्या पोटातलं दुसरं लंडन म्हणाल तर नील गेमन यांचं ‘नेव्हरव्हेअर’ १९९६ मध्येच येऊन गेलं होतं. पण गेमनचा नायक रोजच्या लंडनमधून निसटून खालच्या शहरात पडतो. अ‍ॅरोनोविचचा नायक रोजच्या लंडनमध्येच राहतो आणि देवदेवतांना तिथले कायदे लावू पाहतो.

आता तक्रारींकडे येऊ. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी, की पुस्तकात दोन कथा आहेत आणि त्यांचा सांधा बसत नाही. एकीकडे माणसांच्या अंगात शिरून त्यांना खून करायला लावणारी एक सूडकरी शक्ती, दुसरीकडे थेम्स नदीच्या दोन घराण्यांतलं हद्दीचं भांडण. मला ही तक्रार खरी वाटते. शेवटाकडे लेखक दोन्ही धागे ओढून गाठ मारतात, पण ती मारलेली दिसते.

दुसरी तक्रार मात्र मला वरवरची वाटते. इतकं हसवणारं पुस्तक इतकं रक्तरंजित का, असं पुष्कळ वाचक विचारतात. सुरुवातीलाच एका सुखवस्तू घरात तान्ह्या बाळाचं जे होतं ते वाचून पुस्तक मिटणारे आहेत, आणि शेवटाकडे एका लाडक्या पात्राच्या वाट्याला जे येतं ते वाचून लेखकावर रुसलेलेही आहेत. पण खुनांचा क्रम कुठून आला ते पाहा. तो ‘पंच आणि ज्युडी’ या बाहुल्यांच्या खेळाचा आहे. कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चसमोर ९ मे १६६२ रोजी सॅम्युअल पीप्स यांनी असा खेळ पाहून रोजनिशीत नोंदवला, आणि ती इंग्लंडमधली पंचची पहिली नोंद मानतात. त्या चर्चच्या भिंतीवर तसा लेखही कोरलेला आहे. १८२८ मध्ये पिचिनी नावाच्या इटालियन खेळकऱ्याच्या खेळाची संहिता छापली गेली. तिच्यात पंच रडणारं बाळ खिडकीबाहेर फेकतो, बायकोला काठीनं मारून टाकतो, शिपायाला झोडपतो आणि फाशी द्यायला आलेल्या जल्लादालाच फासावर चढवतो. समुद्रकिनाऱ्यावर आइस्क्रीम खात इंग्लंडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या हे पाहून खदखदून हसत आली. अ‍ॅरोनोविच यांनी फक्त बाहुल्या काढून तिथे माणसं उभी केली. मग हसू आणि रक्त एकत्र का, हा प्रश्न कादंबरीला विचारायचा की त्या खेळाला? ज्यांच्या बालपणी पंचचा तंबू होता त्या वाचकांना हा धक्का नेमका लागतो. ज्यांनी तो खेळ पाहिलाच नाही, त्यांना नुसता रक्तपात दिसतो.

तिसरी तक्रार स्त्रियांच्या वर्णनाची. पीटरला बाई दिसली की आधी तिचा बांधा दिसतो, मग हुद्दा. चाहते म्हणतात, निवेदक तरुण पोरगा आहे, त्याची नजर तशीच असणार. मला हा बचाव अर्धाच पटतो. खिडकीच्या कमानीचं बारीक निरीक्षण करणारा माणूस सहकारी पोलीस बाईकडे इतक्या ठोकळेबाज नजरेनं पाहत असेल, तर थोडी जबाबदारी लेखकावरही येते. पीटरच्या बोलभाषेतल्या व्याकरणावर लाल शाई फिरवणारेही वाचक आहेत. त्यांना पोलीस चौकीत बसून चहा प्यायला पाठवावं.

पीटरच्या नजरेचा आणखी एक भाग आहे, आणि तो मला या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो. त्याची आई सिएरा लिओनची, वडील इंग्रज जॅझ वादक, लहानपण केंटिश टाउनमधल्या सरकारी वसाहतीत गेलेलं. इंग्रजी कादंबरीत एरवी गोऱ्या पात्राचा रंग सांगत नाहीत, काळ्याचा सांगतात. पीटर गोऱ्यांचाही सांगतो. काही वाचकांना हे टोचतं, काहींच्या लक्षातही येत नाही, आणि काही काळ्या ब्रिटिश वाचकांना वाटतं की आपलं लंडन अखेर जादूच्या पुस्तकात आलं.

तेच लंडन नद्यांमध्ये सगळ्यात ठसठशीत दिसतं. कादंबरीतले म्हातारे थेम्सबाबा शहर सोडून वरच्या अंगाला निघून गेलेत. एकोणिसाव्या शतकात लंडननं आपला सगळा मैला नदीत सोडला. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटचं कामकाज चालवणं मुश्कील झालं, आणि त्यानंतरच जोसेफ बॅझलजेट यांच्या गटारांच्या योजनेला पैसे मिळाले. फ्लीट, टायबर्न, एफ्रा या उपनद्या तर गटारं होऊन रस्त्यांखाली गाडल्या गेल्या. म्हणजे शहराच्या हद्दीत नदीला देव उरला नव्हता. ती जागा भरली नायजेरियाहून नर्सिंग शिकायला आलेल्या एका तरुणीनं. १९५० च्या दशकात निराश होऊन तिनं पुलावरून उडी घेतली आणि ती थेम्समाई झाली. पूर्व लंडनमध्ये, जुन्या गोद्यांच्या भागात तिचा दरबार भरतो. लंडनच्या उपनद्या आता तिच्या मुली आहेत. टायबर्न उच्चभ्रू आणि राजकारणात मुरलेली, बेव्हर्ली ब्रूक अवखळ. त्यांच्या घरी गेलात तर पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर मिंधे व्हाल, अशी ताकीद नाइटिंगेल देतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची रुग्णालयं वसाहतींतून आलेल्या परिचारिकांच्या बळावर उभी राहिली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना नुसती गमतीची वाटत नाही.

अनेक इंग्रज वाचकांनी नदीला बाईचं रूप देण्याच्या कल्पनेचं अपूर्वाईनं कौतुक केलं. मराठी वाचकाला त्यात नवल वाटणार नाही. वाईला कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर होतो, तिची मूर्ती बसवतात, ओटी भरतात, जेवणावळी उठतात. आपल्याला नवल वाटेल ते पुढच्या पायरीचं. थेम्सबाबा आणि थेम्समाई यांच्या भांडणात पोलिसांनी मध्यस्थी करायची, दोन घराण्यांत तह घडवायचा आणि त्याची नोंद ठेवायची. आपल्याकडे नदीची आरती होते, तिच्या तक्रारीची दखल कुणी घेत नाही.

अमेरिकेत हेच पुस्तक ‘मिडनाइट रायट’ या नावानं निघालं, म्हणजे नावातून नद्याच गेल्या. तिकडच्या पुष्कळ वाचकांना रस्ते, पूल आणि पोलिसी लघुरूपं यांचा भडिमार झेपला नाही. लंडनकरांचा अनुभव नेमका उलटा. पुस्तक हातात धरून ते गल्ल्या हिंडतात. क्लार्कनवेलमध्ये एका दारूच्या गुत्त्यासमोर रस्त्यात जाळी आहे. तिच्याशी कान लावला की खाली वाहणाऱ्या फ्लीटचा आवाज येतो. तो ऐकायला जाणाऱ्यांत या मालिकेचे वाचकही असतात.

बडबडीचा वाद सोडवायला आणखी एक वाट सापडली आहे. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ या अभिनेत्यानं या मालिकेची ध्वनिपुस्तकं वाचली आहेत. छापील पुस्तकात जिथे वाचक अडखळतो, तिथे त्यांच्या आवाजात पीटरची आडवळणं गप्पांसारखी वाहतात आणि थेम्समाईचे, थेम्सबाबांचे, नाइटिंगेलचे हेल वेगवेगळे कानावर पडतात. पुस्तकावर वैतागलेले आणि ऐकून खूश झालेले वाचक कमी नाहीत.

चोख बांधणीची रहस्यकथा हवी असेल तर ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ उचलू नका, निराशा होईल. शहरावर जीव असलेल्या एखाद्या वाचाळ माणसाबरोबर पायी भटकायची सवय असेल तर जरूर उचला, पण मालिका क्रमानंच वाचा, कारण पहिल्या पुस्तकाच्या शेवटी लागलेली जखम पुढे कित्येक पुस्तकं भरत नाही. दुसरा भाग ‘मून ओव्हर सोहो’ २०११ मध्येच आला आणि त्याची बांधणी पहिल्यापेक्षा घट्ट आहे. दहावा भाग ‘स्टोन अँड स्काय’ २०२५ मध्ये निघाला. त्यात पीटर लंडन सोडून स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जातो.