आधी बोट, मग एक्स-रे
कापूस वेचणीच्या दिवसांत कोरपना तालुक्यातली मजूर बाई सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पायावर असते. कमरेला ओटी, ओटीत वाढत जाणारं ओझं, खाली काळ्या मातीची ढेकळं आणि भेगा. अशाच एखाद्या भेगेत पाय वाकडा पडतो. तळवा आत वळतो, सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर येतो आणि तिथला अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. संध्याकाळी कुणीतरी तेल लावून, पाय धरून, झटक्यात 'बसवून' देतो. हाड तडकलेलं असेल तर यासारखं वाईट काही नाही. आधी तपासावं. त्याला दहा मिनिटं आणि दोन हात पुरतात. गडचांदूर किंवा राजुऱ्याची फेरी म्हणजे रोजी बुडाली, तेव्हा एक्स-रे खरंच लागतो का, हे आधी कळलेलं बरं.

"मावशी, एका बोटानं दाखवा, कुठी दुखते?" तपासणीची सुरुवात या प्रश्नाने होते. अख्खा पंजा घोट्यावर ठेवला तर सूज दुखते आहे. एकच बोट नेमक्या जागी गेलं तर पुढचं काम सोपं. मग तपासणाऱ्याचा अंगठा चार ठिकाणी हाडावर दाबून पाहतो. बाहेरच्या घोट्याची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. आतल्या घोट्याची तीच कड. पायाच्या बाहेरच्या कडेवर, साधारण मध्यावर हाताला लागणारा उंचवटा. तिथे करंगळीचं लांब हाड सुरू होतं. आणि आतल्या कमानीच्या माथ्यावरचं हाड. यांपैकी कुठेही हाडावर दाबल्यावर ठणका उठला, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासताना, दोन्ही वेळा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही धरायची.

हे निकष कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडले. पुढे २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निकषांनी 'एक्स-रे नको' म्हटलेल्यांपैकी दोन टक्क्यांहून कमी लोकांचं हाड मोडलेलं निघालं. मात्र दारू प्यालेल्या माणसाला, लहान मुलाला आणि पायाची संवेदना गेलेल्याला ते लावू नयेत. त्यांच्या 'दुखत नाही' या उत्तरावर विसंबता येत नाही.

हाड शाबूत आहे असं ठरलं की पाळी अस्थिबंधाची. बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे आणि खाली बोट ठेवलं की बहुतेकांचा चेहरा आक्रसतो. सर्वांत आधी दुखावतो तो अस्थिबंध तिथेच आहे. तो किती फाटला, हे पहिल्या दोन दिवसांत नीट कळत नाही, कारण सूज आणि दुखण्याने स्नायू पाय घट्ट धरून ठेवतात. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा तपासायचं. गुडघा वाकवून पाऊल सैल सोडायला सांगतात, एका हाताने नडगी धरतात, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत टाच घेऊन ती पुढे ओढतात. आधी धडधाकट पाय, मग दुखरा. ही तुलना घाईत हमखास सुटते आणि मुळातच सैल सांध्याच्या माणसाला फाटलेल्या अस्थिबंधाचं निदान चिकटवलं जातं. पोटरीच्या खाली मागच्या बाजूला काहीतरी तुटल्यासारखं वाटलं असेल, तर पालथं झोपवून पोटरी दाबावी. पाऊल खाली झुकलं नाही तर टाचेची शीर तुटली आहे, आणि त्याला लगेच दवाखाना.

उपचारातही हाताचं काम असतं, पण ते झटक्याचं नाही. मुरगळलेल्या घोट्यात पाऊल वर वळण्याची हालचाल आधी अडकते. रुग्णाला भिंतीसमोर उभं करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगावा. दोन्ही पायांच्या अंगठ्याचं भिंतीपासूनचं अंतर मोजलं की अडकलेपण सेंटिमीटरमध्ये दिसतं. फिजिओथेरपिस्ट घोट्याच्या पुढे, नडगीच्या लगेच खालच्या हाडावर तळहाताची बेचकी ठेवून ते हळूहळू मागे सरकवतो. ऑस्ट्रेलियातल्या २००१ च्या एका चाचणीत अशी हालचाल दिलेल्यांना कमी वेळा उपचारासाठी यावं लागलं. ती मिळालेली मोकळीक टिकते मात्र व्यायामानेच: एका पायावर तोल, टाचा उचलणं, आणि झेपेल तेवढं लवकर चालणं.

टाचेचं दुखणं वेगळं. गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांत जाड बूट घालून काँक्रीटवर उभा राहणारा आणि पातळ स्लिपरवर रान तुडवणारा, दोघेही एकच तक्रार सांगतात: सकाळचं पहिलं पाऊल टाकवत नाही. टाचेखाली आतल्या बाजूला अंगठा दाबावा, मग पायाचा अंगठा वर वाकवावा; तिथेच कळ आली तर तळव्याचा पडदा दुखावला आहे. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर कळ आली तर हाडालाच बारीक तडा असण्याचा संशय घ्यावा. एक्स-रेत दिसणाऱ्या 'वाढलेल्या हाडा'ला उगाच बदनाम केलं जातं. ते कित्येकांना असतं आणि दुखत नाही. ओसरीच्या पायरीवर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन, तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंदांत खाली, दिवसाआड टाचा उचलाव्यात. फरक पडायला महिने लागतात, हे आधीच सांगून ठेवावं.

गावात टाचेला तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकतात. संवेदना शाबूत असेल तर थोडा शेक आराम देईलही. पण चंद्रपूर-गडचिरोली हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं ते १९४९ मध्ये, याच रोगाच्या माणसांसाठी. त्यात मधुमेहाची भर, आणि दोन्हींत पायाची संवेदना जाऊ शकते. म्हणून विटेआधी डोळे मिटायला लावून तळव्यावर दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा वाकेपर्यंत टेकवावा. धागा वाकला आणि बाईला कळलंच नाही, तर वीट बाजूला ठेवावी, आतल्या घोट्यामागची नस बोटाने चाचपून ती जाड किंवा दुखरी आहे का पाहावं, अंगावर चट्टे आहेत का विचारावं, आणि रक्तातली साखर तपासायला पाठवावं.