पाहुणा न आलेली दोन वर्षं

(लेखमाला : साथ आणि पोटपाणी – भाग 6)

मागच्या आठवड्यात आपण लातूरच्या आडत बाजारात होतो. आज लॉज, मेस, मंगल कार्यालय आणि जत्रेतली पालं यांच्याकडे वळू.

कोरोनाने पर्यटनाचं काय केलं, असं विचारलं की एक आकडा हमखास पुढे येतो. 2019 मध्ये भारतात 1 कोटी 9 लाख परदेशी पर्यटक आले होते, 2020 मध्ये ते 27 लाखांवर आले. आकडा खरा आहे आणि भयंकरही आहे. पण तो गोव्याच्या किनाऱ्याचा आणि ताजमहालाच्या दाराचा आकडा आहे. नांदेडच्या रेल्वे स्टेशनसमोरच्या लॉजवाल्याला किंवा लातूरच्या ट्यूशन एरियातल्या मेसवाल्या काकूंना त्यातून काही कळत नाही. त्यांच्याकडे येणारा माणूस हवापालटासाठी येतच नाही. तो माथा टेकायला येतो, नीटची तयारी करायला येतो, नाहीतर लग्नाला, दवाखान्यात भरती असलेल्या नातेवाइकाजवळ किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा बघायला येतो. सरकारी भाषेत यांतल्या बहुतेकांना पर्यटक म्हणत नाहीत. पण चहा, जेवण, खोली, रिक्षा या सगळ्याचे पैसे तेच देतात.

दुसरं असं की हा धंदा तारखांवर चालतो. होला मोहल्ला आणि दसरा ही नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाराची गर्दी, नवरात्र माहूरच्या देवीचं, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून माळेगाव, महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, एप्रिल-मे लग्नसराई आणि जून-जुलैला अकरावीचे नवे विद्यार्थी. मुंबईतल्या हॉटेलचे दोन महिने बुडाले तर पुढच्या दहांत थोडंफार भरून निघतं. माळेगावात राहुटी लावणाऱ्याची एक यात्रा चुकली की त्याचं वर्ष गेलं. साथीचा फटका आपल्याकडे किती खोल गेला, हे म्हणून महिन्यांत मोजता येत नाही. चुकलेल्या तारखा मोजाव्या लागतात.

सुरुवात नांदेडपासून करू, कारण तिथं जे घडलं ते देशात फार कमी ठिकाणी घडलं.

1708 मध्ये गुरू गोविंदसिंघांनी नांदेडात देह ठेवला आणि ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा शहरात रस्ते, पूल, यात्री निवास उभे राहिले, विमानतळ नव्यानं सजला. नांदेडच्या लॉज-हॉटेलांचा आजचा विस्तार बराचसा त्या काळापासूनचा आहे. मार्च 2020 मध्ये होळी 9-10 तारखेला होती. होल्यासाठी पंजाबातून आलेले अनेक भाविक अजून शहरातच होते, काही त्यानंतर आले होते. 22 तारखेला जनता कर्फ्यू लागला, रेल्वे थांबली आणि 25 पासून देशच बंद झाला. सुमारे 4 हजार भाविक अमृतसर-लुधियानापासून दीड-दोन हजार किलोमीटरवर अडकले.

महिनाभर हे लोक गुरुद्वाराच्या यात्री निवासांत राहिले, लंगरात जेवले. शहरातले खासगी लॉज मात्र रिकामे. पाहुणे गावात आणि उत्पन्न शून्य, असा तो महिना होता. त्याच लंगरांतून शहरातल्या गरजूंनाही जेवण गेलं. नांदेडच्या लंगर साहिबच्या डेऱ्याचं एक ठाणं यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ महामार्गावर आहे. ऐंशी ओलांडलेल्या एका बाबाजींच्या देखरेखीखाली तिथं पायी गावाकडे निघालेल्या मजुरांना आणि ट्रकचालकांना दिवसरात्र जेवण मिळत होतं. त्या महामार्गावरचे धाबे बंद होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या जेवणाचं मोल कळतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात केंद्राची परवानगी मिळाली. पंजाब सरकारने सुमारे 80 बस पाठवल्या आणि भाविक निघाले. नांदेड शहरात पहिला रुग्ण सापडला होता तो 22 एप्रिलला, म्हणजे बस सुटण्याच्या जेमतेम दोन-तीन दिवस आधी. पंजाबात पोचल्यावर तपासण्या झाल्या आणि मेच्या पहिल्या आठवड्यात परतलेल्यांपैकी हजाराहून अधिक जण बाधित निघाले. नांदेडातही गुरुद्वाराचे वीस सेवादार बाधित आढळले. मग बोटं दाखवणं सुरू झालं. पंजाबात म्हणत रोग नांदेडहून आला, नांदेडात म्हणत बसच्या प्रवासात लागला. कोण बरोबर, हे आता ठरवून काही हाती लागणार नाही. पण ज्या शहराने 4 हजार माणसं महिनाभर सांभाळली, त्याचं नाव देशभरच्या बातम्यांत रोगाशी जोडलं गेलं. भाविकांवर पोट असलेल्या गावाला याहून वाईट जाहिरात मिळणार नाही.

लातूर जिल्ह्यातही पहिले रुग्ण वाटसरूच निघाले. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला हरियाणाकडून आंध्रकडे परतणारे 12 जण निलंग्यात थांबले होते, त्यांतले 8 बाधित होते. ते पुढे बरे झाले. पण बाहेरगावचा माणूस दिसला की खोलीमालकाने दार ओढून घ्यायचं, ही सवय दोन्ही जिल्ह्यांत तेव्हाच लागली. पाहुणचारावर चालणाऱ्या धंद्यात गिऱ्हाईकाचीच धास्ती वाटू लागली, तर सरकारी बंदी उठूनही फार फरक पडत नाही.

आणि बंदी उठायचीही ती तुकड्या-तुकड्यांनी. 1 जून 2020 ला सचखंड एक्सप्रेस विशेष गाडी म्हणून पुन्हा धावू लागली, पण राज्यातली धार्मिक स्थळं उघडली 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. साडेपाच महिने अमृतसरची गाडी होती आणि दर्शन नव्हतं. लॉजना 8 जुलैपासून एकतृतीयांश खोल्या भरायची मुभा मिळाली. हॉटेलात बसून जेवायला मात्र 5 ऑक्टोबर उजाडला. म्हणजे तीन महिने लॉजवर उतरणाऱ्या माणसाने जेवायचं कुठं, याचं उत्तर पार्सल हेच होतं. त्यात जुलैत दोन्ही जिल्ह्यांनी आपापली स्थानिक टाळेबंदी लावली. साथ आटोक्यात आणायला ती लागतही असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आचारी परत बोलवायचा, किराणा भरायचा आणि आठवड्यात पुन्हा शटर ओढायचं, या खेळात सलग बंदपेक्षा जास्त पैसा बुडाला.

2020 च्या दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी गुरुद्वाराला न्यायालयात जाऊन मोजक्या माणसांची परवानगी मिळवावी लागली. 2021 च्या होल्याला, 29 मार्चला, मिरवणुकीला परवानगी नव्हती, जिल्ह्यात 25 मार्चपासून कडक टाळेबंदी होती. त्या दिवशी गुरुद्वारा परिसरात पोलिसांवर हल्ला झाला, काही पोलीस जखमी झाले. पुन्हा देशभर बातमी, पुन्हा नांदेड. ज्या यात्री निवासांत एरवी भाविक उतरायचे, त्यांतल्या पंजाब भवन आणि एनआरआय यात्री निवासात तोवर कोविड केअर सेंटर झालेली होती.

आता लातूर. लातूरचा पाहुणा विद्यार्थी आहे आणि तो दोन वर्षं राहतो. 'लातूर पॅटर्न'चं कौतुक निकालाच्या दिवशी सगळे करतात, पण त्या पॅटर्नला जेवू-खाऊ घालणारा धंदा कोणी मोजत नाही. खोल्या, वसतिगृहं, मेस, डबे, झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या, धुण्या-इस्त्रीवाले यांचा पसारा गल्लोगल्ली आहे. मेसचं गणित साधं असतं. पोरं महिन्याचे पैसे आगाऊ देतात, त्यातून किराणा आणि गॅस येतो. दुकानदार महिन्याची उधारी ठेवतो. पोळ्या लाटायला दोन-तीन बाया असतात, त्यांचा पगार आठवड्याला लागतो. जागा भाड्याची. शिल्लक उरते ती सत्तर-ऐंशी पोरं असली तर, निम्मी असली तर तोटा. गाठीला भांडवल असं नसतंच. पुढच्या महिन्याचा आगाऊ पैसा हेच भांडवल.

मार्च 2020 मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला, तो पुढे रद्द झाला. पोरं मिळेल त्या गाडीनं गावाकडे गेली. नीट आधी 3 मेला होती, मग 26 जुलैला आणि झाली 13 सप्टेंबरला. दहावीचा निकाल 29 जुलैला लागला, अकरावीचे प्रवेश लांबले, शिकवणी मोबाइलवर गेली. जी पोरं होती ती परतली नाहीत आणि जी यायची ती आलीच नाहीत. गाद्या, पुस्तकं, सायकली खोल्यांत अडकून पडल्या आणि भाड्यावरून खोलीमालक-पालकांची तोंडातोंडी सुरू झाली. मालकाचंही चुकत नव्हतं. अनेकांनी कर्ज काढून वरचा मजला चढवला होता, हप्ता त्या भाड्यातून जायचा. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण व्याज चढतच राहिलं. मेसच्या पोळ्या लाटणाऱ्या बायांना तर पुढे ढकलायला हप्ताही नव्हता.

या शहराने 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आहे. त्या उन्हाळ्यात टँकर विकत घेऊन मेस चालवता येत होती. विद्यार्थी विकत आणता येत नाही.

2021 मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षाच रद्द झाल्या आणि लातूरच्या हातून दुसरी खेपही गेली. लग्नसराईचंही तेच. पहिल्या वर्षी 50 माणसांची मर्यादा होती, 22 एप्रिल 2021 पासून 25 माणसं आणि दोन तास. आमच्याकडे 25 माणसांत मुलीकडचे काकाच बसतात! मंगल कार्यालयवाला निदान जागेचा मालक होता. त्याच्यामागचे मंडपवाले, आचारी, वाढपी, बँडवाले, घोडीवाले यांनी दोन उन्हाळे सलग गमावले.

माळेगावची यात्रा 2021 च्या जानेवारीत भरली नाही. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा म्हणजे दक्षिणेतला मोठा घोडेबाजार. देवस्वारीनं सुरुवात, मग घोडे, उंट, गाढवांचा बाजार, कुस्त्या, लावणी. तमाशाच्या फडाचं अर्थकारण मेसच्या नेमकं उलटं. मेसवाला गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतो, तर फडमालक व्याजानं पैसे काढून कलावंतांना उचल देतो आणि दसऱ्यापासून मेपर्यंतच्या जत्रांत ते फेडतो. मार्च 2020 मध्ये जत्रा बंद झाल्या तेव्हा हंगाम भरात होता, उचल वाटून झालेली होती. सरकारने कलावंतांना एकरकमी 5 हजार रुपये देऊ केले. त्यात फडाच्या ट्रकचा एक टायर येत नाही.

सरकारने काही केलं नाही, असं मात्र नाही. राज्याने आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला, म्हणजे वीज-पाणी उद्योगाच्या दराने. मागणी जुनी होती, निर्णय चांगला होता. अंमल 1 एप्रिल 2021 पासून. त्याच महिन्यात दुसऱ्या लाटेमुळे हॉटेलं पार्सलवर गेली, त्यामुळे सवलतीच्या दराने जाळायची वीजच उरली नाही. शिवाय दर्जा मिळणार तो पर्यटन खात्याकडे नोंद असलेल्यांना. 28 जून 2021 ला केंद्राने पर्यटनासाठी हमीचं कर्ज जाहीर केलं. प्रवासी कंपन्यांना 10 लाखांपर्यंत आणि परवानाधारक गाइडना 1 लाखापर्यंत. लाभार्थी साऱ्या देशात मिळून सुमारे 11 हजार. हजूर साहिब ते माता साहिब अशी फेरी घालून भाविकांना सगळी गुरुद्वारं दाखवणारा नांदेडचा ऑटोवाला गाइड नाही आणि प्रवासी कंपनीही नाही. लातूरची मेस घरगुती आहे. माळेगावची राहुटी चार दिवसांची. पीएम स्वनिधीचं 10 हजारांचं कर्ज हातगाडीवाल्यांपर्यंत पोचलं, तेवढा एक अपवाद म्हणता येईल. बाकी मदत बिनपत्त्याची होती असं नव्हे, पण तिच्यावरचा पत्ता आपल्या गावचा नव्हता.

परत येणंही सगळ्यांना सारखं जमलं नाही. 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेला, देवळं पुन्हा उघडली आणि माहूरचा गड गजबजला. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले. तीनच आठवड्यांनी, 22 ते 24 एप्रिलला, उदगीरला 95 वं साहित्य संमेलन भरलं. त्याआधीचं नाशिकचं संमेलन साथीमुळे मार्चवरून डिसेंबरवर गेलं होतं. उदगीरला ऐन उन्हात मंडप भरला, त्यात साहित्यप्रेम होतंच, दोन वर्षं घरात कोंडलेल्या माणसांची भेटीची भूकही होती. लातूरला पोरं परतली. ज्या मेस मोडल्या त्यांच्या जागी नव्या आल्या, मोठ्या आणि वसतिगृहाला जोडलेल्या. घरगुती डबा मागं पडला.

नांदेडचं विमान मात्र लवकर परतलं नाही. उडान योजनेत 2017 पासून हैदराबादला जाणारी ट्रूजेट कंपनी फेब्रुवारी 2022 मध्ये बंद पडली. स्टार एअरची विमानं आली ती 31 मार्च 2024 ला. त्यांत जालंधरजवळच्या आदमपूरची सेवाही सुरू झाली, ती भाविकांसाठी मोठी सोय.

पुढच्या वेळी मदत नेमक्या पत्त्यावर पोचावी, म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे एकच मागणी आहे. हजूर साहिब, माहूर, माळेगाव आणि लातूरचा ट्यूशन एरिया इथल्या लॉज, मेस, राहुट्या, ऑटो आणि फडांची एक यादी आत्ताच, धंदा चालू असताना करून ठेवा. आणि वाचकांपैकी कोणी मेस किंवा खोल्या चालवत असेल तर उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही.

पुढच्या भागात एसटीच्या बंद पडलेल्या फेऱ्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले आठवडी बाजार.