मर्यादित रंगांचा पडदा : चित्राची प्रत कशी सुधारावी?

प्रस्तावना

जुन्या संगणकावर रंगीत चित्र उघडले की आकाशाच्या निळाईत पट्टे उमटतात, चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे वाटते. अशा वेळी आपण पडद्याला दोष देतो. पुष्कळदा खरी मर्यादा स्मृतीची असते. ती समजून घेतली, तर नवे यंत्र न घेताही अधिक चांगले काम साधता येते.

रंग आणि स्मृती

पडद्यावरील चित्र बिंदूंचे बनलेले असते. प्रत्येक बिंदूच्या रंगाची नोंद ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत राहते. त्या नोंदीस ४ बिट दिल्यास १६, ८ बिट दिल्यास २५६ आणि १६ बिट दिल्यास ६५,५३६ रंग मिळतात.

कार्डावर १ मेगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइट स्मृती आहे असे समजू. १०२४ × ७६८ बिंदूंना १६ बिटांप्रमाणे १५,७२,८६४ बाइट लागतात. तेवढी जागा नसल्याने २५६ रंगांवर थांबावे लागते. ८०० × ६०० बिंदूंना मात्र ९,६०,००० बाइट पुरतात. थोडक्यात, बिंदू कमी केले की रंग वाढविता येतात.

विंडोज ९८ मध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सेटिंग्ज’ उघडावे. तेथे दोन्ही गोष्टी बदलता येतात. १६ रंगांपलीकडे पर्यायच दिसत नसेल, तर कार्डाचा योग्य ड्रायव्हर बसविलेला आहे का, हे प्रथम तपासावे.

ठिपक्यांची युक्ती

रंग वाढविणे शक्य नसेल, तेव्हा ‘डिदरिंग’ उपयोगी पडते. निळे व पांढरे ठिपके जवळजवळ मांडले की दुरून फिकट निळा रंग भासतो. ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. पनवेलहून बोरघाट चढून लोणावळ्यापुढे गेले की मळवली लागते. राजा रवि वर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे तेथे हलविण्यात आला. त्या काळच्या शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरीत आणि बारीक ठिपक्यांतून मधल्या छटा साधीत. ठिपके कागदावर असतात, छटा पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होते.

निवड कशी करावी?

निवड कामानुसार करावी. देवनागरी मजकुरात अनुस्वार, रफार, जोडाक्षरे स्पष्ट दिसण्यास बिंदू अधिक हवेत. काळ्या अक्षरांना हजारो रंग लागत नाहीत. चित्रे अभ्यासताना मात्र रंगांना प्राधान्य द्यावे.

सारांश

बिंदू आणि रंग एकाच स्मृतीचे वाटेकरी आहेत. वाटणी कशी करायची, हे आपल्या हाती असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ५,२४,२८८ बाइट स्मृतीच्या कार्डावर ६४० × ४८० बिंदू व ६५,५३६ रंग एकाच वेळी मिळतील का? गणित करून सांगा.
२. डिदरिंग आणि शिळामुद्रण यांतील साम्य स्पष्ट करा.