अवकाशातली वीज : वादाआधी थोडे गणित

नववीच्या वर्गात सौर ऊर्जेचा धडा चालू असो, की बारावीच्या मुलांच्या कट्ट्यावरच्या गप्पा असोत, एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. "वर अवकाशात ढग नाहीत, रात्र नाही. मग सोलर पॅनेल तिथेच का नाही लावत? वीज करायची आणि खाली पाठवायची!" लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळे शक्य आहे, सरकार मनावर घेत नाही एवढेच. दुसरा म्हणतो, ही निव्वळ विज्ञानकथा. शिवाय वरून असे किरण सोडले तर गावेच्या गावे भाजून निघतील. कोणीतरी डॉ. अब्दुल कलामांचे नाव घेतो. त्यांनी २०१० साली या कल्पनेचा जाहीर पुरस्कार केला होता, हे खरेही आहे. मग आवाज चढतात, तास संपतो आणि प्रश्न जागच्या जागी राहतो.

अशा वेळी शिक्षकाने एका पक्षाच्या बाजूने निकाल देण्याची गरज नसते. फळ्यावर मावेल एवढे गणित मात्र जरूर करावे. गणिताने वाद संपत नाही. पण तो नेमका कशाबद्दल आहे हे कळते. ते कसे, हे याच उदाहरणावरून पाहू.

मूळ कल्पना

अमेरिकी अभियंता पीटर ग्लेसर यांनी १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ही योजना मांडली. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर भूस्थिर कक्षा आहे. तिथला उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरतो, म्हणून जमिनीवरून पाहता तो एकाच जागी दिसतो. अशा उपग्रहावर वीज तयार करायची, तिचे सूक्ष्मलहरींत, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये रूपांतर करायचे, त्या लहरी जमिनीकडे सोडायच्या आणि खाली अँटेनांच्या मोठ्या जाळीवर झेलून त्यांची पुन्हा वीज करायची.

यातला कोणताही टप्पा काल्पनिक नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावर ३० किलोवॉटहून अधिक वीज अशीच बिनतारी पोहोचवली गेली. २०२३ साली कॅलटेक या संस्थेच्या छोट्या उपग्रहाने कक्षेतून सोडलेल्या लहरी तिच्या आवारातील एका इमारतीच्या गच्चीवर टिपल्या गेल्या. तेव्हा 'हे अशक्यच आहे' असे म्हणणारा पक्ष पहिल्याच फेरीत मागे पडतो. पण 'मग अडले कुठे?' हा प्रश्न उरतोच.

सहापटीचे तीनपट होते

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १३६० वॉट ऊर्जा पडते. भूस्थिर कक्षेत जवळजवळ चोवीस तास ऊन असते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपासचे काही आठवडे मात्र उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो, तोही जास्तीत जास्त सव्वा तास. म्हणजे दिवसाला प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ३२ युनिट ऊर्जा मिळते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आपल्या वीजबिलात असते तेच.)

महाराष्ट्रात जमिनीवर वर्षाची सरासरी काढली तर हाच आकडा साधारण ५ ते ५.५ युनिट येतो. म्हणजे वरचे ऊन सुमारे सहापट.

पण वरची वीज लहरींत बदलताना, वाटेत आणि खाली पुन्हा वीज करताना गळती होते. सगळे टप्पे धरले तर साधारण निम्मी हाती लागेल असे समजू. सहापटीचे तीनपट झाले. म्हणजे आता प्रश्न असा झाला : छपरावर तीन पॅनेल लावणे स्वस्त, की एक पॅनेल ३६,००० किलोमीटर वर नेऊन बसवणे? 'वर भरपूर ऊन आहे' या वाक्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी नेमका आहे. वरची वीज रात्रीही मिळते, हा तिचा मोठा फायदा मात्र नोंदवून ठेवू; त्याकडे पुढे येऊ.

किरण किती बारीक करता येतो?

मुलांना वाटते की वरून विजेची एक बारीक धार सोडायची आणि ती घराच्या गच्चीवर झेलायची. इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. कोणतीही लहर मर्यादित आकाराच्या तोंडातून बाहेर पडली की पसरते. यालाच विवर्तन म्हणतात. तोंड जितके लहान, तितका पसारा मोठा.

वर्गात हे दाखवता येते. जाड ॲल्युमिनियमच्या कागदाला सुईच्या टोकाने दोन छिद्रे पाडा, एक अगदी बारीक आणि एक थोडे मोठे. खोलीत अंधार करून लेझर पॉइंटरचा प्रकाश एकेका छिद्रातून चार-पाच मीटर अंतरावरच्या भिंतीवर पाडा. बारीक छिद्राचा ठिपका अधिक पसरलेला दिसेल. (लेझर कोणाच्याही डोळ्यांवर पडणार नाही याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी.)

गोल अँटेनासाठी ढोबळ हिशेब असा :

वरच्या अँटेनाचा व्यास × खालच्या ठिपक्याचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × अंतर

या योजनेसाठी बहुधा २.४५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी सुचवल्या जातात, कारण त्या ढगांतून आणि पावसातूनही फारशा न अडता जातात. त्यांची तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर. आकडे घालून पाहिले तर गुणाकार सुमारे १०.७ चौरस किलोमीटर येतो. म्हणजे वरचा अँटेना एक किलोमीटर व्यासाचा केला, तर खाली ठिपका जवळजवळ अकरा किलोमीटरचा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आणि नासाने १९७० च्या दशकाअखेरीस याचा तपशीलवार आराखडा केला. त्यात वरचा अँटेना एक किलोमीटरचा आणि खालची जाळी १० × १३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार होती. ही जागा विषुववृत्तापासून दूर असल्याने लहरी तिरप्या येतात आणि ठिपका लांबट होतो. आपण फळ्यावर केलेले गणित त्यांच्या आराखड्याशी जुळते, हे मुलांना जरूर दाखवावे.

आता खरी अडचण पाहा. खर्च वाचवावा म्हणून वरचा अँटेना शंभर मीटरचाच केला, तर खालचा ठिपका शंभर किलोमीटरहून मोठा होतो आणि बहुतेक वीज शेता-डोंगरांवर सांडते. छपरावर एक पॅनेल लावून सुरुवात करता येते, पुढच्या वर्षी दुसरे घेता येते. इथे तसे चालत नाही. ही योजना अवाढव्य करावी लागते, नाहीतर ती चालतच नाही. खालच्या कक्षेत उपग्रह ठेवला, तर तो एका जागेवरून काही मिनिटेच दिसतो. लेझर वापरला, तर दहा मीटरच्या आतले आरसे पुरतात, पण मग ढग आडवे येतात. एकीकडून सोडवलेली अडचण दुसरीकडून परत येते.

गाव भाजून निघेल का?

याही शंकेचे उत्तर त्याच समीकरणात आहे. ठिपकाच इतका मोठा, की ऊर्जा विरळ होते. त्या अमेरिकी आराखड्यात अगदी मध्यभागी एका चौरस मीटरवर २३० वॉट धरले होते, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या सुमारे पाव. वरच्या अँटेनाचा आकार ठरलेला असल्याने, कोणी दुष्ट हेतूने ठरवले तरी हा ठिपका आणखी बारीक करता येत नाही.

म्हणून हे पूर्ण निर्धोक आहे असेही म्हणू नये. सामान्य लोकांसाठी सूक्ष्मलहरींची आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला १० वॉट आहे. मध्यभागी त्याच्या २३ पट. त्यामुळे तिथे कुंपण लागेल आणि वरून उडणाऱ्या पक्ष्यांचाही विचार करावा लागेल. 'भाजून निघेल' आणि 'काहीच होत नाही' ही दोन्ही वाक्ये आकड्यांपुढे टिकत नाहीत.

वर न्यायचे किती?

नासाने २०२४ साली या विषयावर नवा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील दोन आराखड्यांपैकी हलक्याचे वजन सुमारे ५,९०० टन आहे आणि तो जमिनीवर २,००० मेगावॉट, म्हणजे साधारण कोयना प्रकल्पाच्या क्षमतेएवढी वीज देईल. आपले सर्वांत शक्तिशाली रॉकेट एलव्हीएम-३ भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सुमारे ४ टन वजन नेते. भागाकार केला तर जवळजवळ दीड हजार उड्डाणे होतात. श्रीहरिकोट्याहून पहिले उपग्रहवाहक १९७९ साली सुटले आणि शंभरावे उड्डाण जानेवारी २०२५ मध्ये झाले.

त्या अहवालाप्रमाणे या विजेचा खर्च युनिटला ६१ सेंट, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५० रुपये येतो. जमिनीवरच्या पर्यायांच्या १२ ते ८० पट. राजस्थानात भाडला येथील सौर प्रकल्पासाठी २०१७ साली युनिटला २ रुपये ४४ पैसे बोली लागली होती. अर्थात ती दिवसाची वीज आहे. रात्रीसाठी साठवण हवी आणि तिचा खर्च वेगळा. पण साठवणीचे मार्गही आहेत. आपल्याकडे घाटघर येथे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवून मागणीच्या वेळी ते खाली सोडतात आणि २५० मेगावॉट वीज करतात. बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत.

जागेचेही तसेच. १० × १३ किलोमीटरच्या त्या जाळीखाली सुमारे १०० चौरस किलोमीटर जमीन जाते. तिच्यातून वरची ५,००० मेगावॉट वीज दिवसरात्र मिळेल. त्याच जमिनीवर साधी पॅनेल लावली तर भर दुपारी साधारण तेवढीच, पण चोवीस तासांची सरासरी काढली तर तिच्या पाचव्या हिश्शाएवढी. जाळीखाली ऊन पोहोचते, म्हणून तिथे शेती करता येईल, हीसुद्धा अवकाशातल्या विजेची जमेची बाजू. विरोधी पक्षानेही ती मान्य करावी.

उरलेला वाद

आता मुलांना त्यांचीच वाक्ये तीन रकान्यांत लिहायला सांगा. पहिल्या रकान्यात निसर्गाच्या नियमांवर अवलंबून असलेली वाक्ये : ठिपक्याचा आकार, वरच्या उन्हाची सहापट. ही बहुमताने किंवा थोर माणसाच्या शब्दाने बदलत नाहीत. दुसऱ्यात आजच्या तंत्रावर आणि किमतीवर अवलंबून असलेली : रॉकेटचा खर्च, पॅनेलचे वजन, साठवणीची किंमत. ही बदलतात. खर्च पुष्कळ घटला आणि इतर बाबीही अनुकूल झाल्या, तर ही वीज कितीतरी स्वस्त होईल, असे नासाचा तोच अहवाल सांगतो. म्हणून दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे साल लिहिण्याची सवय लावावी.

तिसऱ्या रकान्यात पसंतीची वाक्ये येतात. एवढा पैसा एकाच अवाढव्य योजनेत घालावा, की हजारो लहान कामांत? आज संशोधनापुरता थोडा खर्च करून वाट पाहावी का? हिवाळ्यात जेमतेम ऊन मिळणाऱ्या ब्रिटनचे उत्तर आणि वर्षातले आठ महिने कडक ऊन असणाऱ्या मराठवाड्याचे उत्तर एकच असायला हवे का? इथे गणित आपल्याला सोबत करते, निर्णय देत नाही. हा वाद नागरिकांनी घालायचाच असतो.

आपले बहुतेक तावातावाचे वाद चिघळतात ते एका रकान्यातले वाक्य दुसऱ्यात घातल्यामुळे. डॉ. कलामांनी ही कल्पना उचलून धरली, कारण पुढच्या पिढ्यांच्या विजेची त्यांना काळजी होती. त्या काळजीचा आदर करायचा, तर त्यांचे नाव घेऊन समोरच्याला गप्प करण्यापेक्षा खडू उचलून आकडे मांडणे अधिक योग्य. पुढच्या वेळी वर्गात अणुवीज, चंद्रावरची मोहीम किंवा विजेवरची एसटी असा विषय निघाला, तर आधी फळ्यावर तीन रकाने आखून पाहा.