डार्ट का फसतो? पांढरकवड्याच्या वाघिणीच्या निमित्ताने थोडं संशोधनाबद्दल

“डार्ट मारला, पण जनावर बेशुद्ध झालं नाही.” हे वाक्य निरीक्षण आहे की निष्कर्ष? पेट किंवा नेटची तयारी करताना या दोन शब्दांच्या व्याख्या तुम्ही पाठ केलेल्या असतात. पण स्वतःच्या कामात काही फसलं की आपण सगळे वहीत एकच ओळ लिहितो, ‘प्रयोग यशस्वी झाला नाही’, आणि पुढे जातो. अशा ओळीत किती गोष्टी दडून राहतात, ते आज एका छोट्या वस्तूवरून बघू. ही वस्तू म्हणजे पेनाएवढ्या लांबीची, बंदुकीतून उडणारी सिरिंज. तिलाच डार्ट म्हणतात.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात 2016 ते 2018 या काळात 13 माणसांच्या मृत्यूशी टी-1 वाघिणीचा संबंध जोडला गेला. हीच अवनी. कापसाच्या शेतात जायचं की नाही, गुरं चारायला कोणी न्यायची, हे प्रश्न तिथल्या गावांत रोजचे झाले होते. आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करा, ते जमलंच नाही तर गोळी घाला, असा वनविभागाचा आदेश होता. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. नंतर जो वाद पेटला, त्यात एक मोठा मुद्दा होता तिच्या मांडीत सापडलेल्या डार्टचा.

डार्ट भरतात कसा?

परदेशातले, विशेषतः अमेरिकेतले, काही नेमबाज पिस्तुलाची वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय इथेच सोडू. डार्ट मात्र वन्यजीव पशुवैद्यक स्वतःच्या हाताने भरतात, आणि वापरलेला डार्ट धुऊन, तपासून पुन्हाही भरतात. 1950 च्या दशकात न्यूझीलंडचे कॉलिन मर्डोक यांनी अशी बंदूक विकसित केली. आज वापरात असलेल्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या डार्टची रचना साधारण अशी असते.

सिरिंजच्या आत मध्ये एक सरकता दट्ट्या असतो. त्याच्या पुढच्या कप्प्यात औषध आणि मागच्या कप्प्यात दाबाखालची हवा. सुईचं टोक बंद असतं आणि छिद्र बाजूला असतं. टोक उघडं ठेवलं तर आत शिरताना कातडी-मांसाचा तुकडा छिद्रात अडकून बसेल, म्हणून. या बाजूच्या छिद्रावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते, तिला स्लीव्ह म्हणतात. सुई कातडीत घुसली की स्लीव्ह मागे सरकते, छिद्र मोकळं होतं, हवा दट्ट्याला ढकलते आणि औषध स्नायूत जातं. शेपटीला लोकरीचा किंवा प्लास्टिकचा झुबका असतो, त्यामुळे डार्ट सरळ उडतो.

वाघासाठी आपल्याकडे झायलाझिन आणि केटामिन ही जोडी बरीच वापरली जाते. लक्षात ठेवा, हे औषध सिनेमात दाखवतात तसं क्षणात काम करत नाही. ते स्नायूतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला काही मिनिटं लागतात. जनावर आधीच बिथरलेलं असेल तर आणखी वेळ लागतो. या मिनिटांचा हिशेब पुढे लागणार आहे.

‘फसला’ म्हणजे नक्की कुठे फसला?

आता डार्टच्या प्रवासाची साखळी मांडू. कड्या सहा: औषध, भरणं, उड्डाण, लागणं, आत सोडणं आणि परिणाम. प्रत्येक कडी वेगळ्या कारणाने तुटते, आणि प्रत्येक तुटीची खूणही वेगळी असते.

औषध जुनं असेल किंवा मात्रा कमी पडली असेल, तर डार्ट नीट लागतो, रिकामाही होतो, पण जनावर नुसतं झिंगतं किंवा चालतच राहतं. भरताना चूक झाली, म्हणजे स्लीव्ह सैल बसली, तर औषध वाटेतच गळतं. मागची हवा हळूहळू निसटली असेल तर स्लीव्ह सरकलेली दिसते, पण औषध सिरिंजमध्ये तसंच राहतं. दट्ट्या कोरडा पडून अडकला तरी खूण हीच. म्हणून दट्ट्याला आधी सिलिकॉनचं वंगण लावून तो सरकतो का ते बघायचं असतं.

उड्डाणात अंतर आणि दाब यांचं गणित असतं. डार्ट गोळीच्या मानाने फारच सावकाश जातो आणि लवकर खाली येतो. अंतराचा अंदाज चुकला की तो पोटाखालून जातो. गवताची काडी किंवा झुडपाची फांदी लागली तरी दिशा बदलते. जवळून जास्त दाबाने मारला तर तो आदळून उसळतो, नाहीतर हाडाला इजा करतो. हाडाला लागलेल्या डार्टची सुई वाकलेली सापडते. मांडीच्या जाड स्नायूऐवजी चरबीत गेला तर औषध सगळं आत जातं, पण रक्तात उशिरा पोहोचतं. बाहेरून बघणाऱ्याला हे ‘औषधाने काम केलं नाही’ असंच दिसेल.

म्हणजे ‘जनावर पडलं नाही’ हा एकच परिणाम आणि त्याची कारणं आठ-दहा. फक्त परिणाम बघून कारण सांगता येत नाही. म्हणून अनुभवी माणूस सापडलेला डार्ट फेकून देत नाही. स्लीव्ह कुठे आहे? दट्ट्या पुढे आला का? किती औषध उरलं? सुई सरळ आहे की वाकलेली? भरलेला डार्ट आधी वजन करून ठेवला असेल तर नंतरच्या वजनावरून आत किती गेलं, याचा अंदाजही येतो. आणि उड्डाणाची कडी वेगळी तपासायची असेल तर औषधाऐवजी तेवढंच पाणी भरून, त्याच अंतरावरून सराव करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये यालाच ‘चलांचे नियंत्रण’ म्हणतात.

56 तास

आता परत बोराटीकडे येऊ. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीच्या अहवालात एक नोंद होती: डार्टमधलं औषध 56 तास आधी भरलेलं होतं, आणि ते 24 तासांच्या आत वापरायला हवं होतं. वाघिणीच्या दोन वर्षांच्या गोष्टीत हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपल्या साखळीत बघा, पहिल्या दोन कड्या इथेच संशयाखाली आल्या. मोहिमेच्या दृष्टीने हत्यार कागदावर ‘भरलेलं’ होतं. ते चालण्याच्या स्थितीत होतं का, हा प्रश्न वेगळा. आणि ‘बेशुद्ध करण्याचा प्रयत्न केला’ हे आदेशातलं पहिलं पाऊल खरोखर उचललं गेलं का, हे ठरवायला हाच प्रश्न महत्त्वाचा.

दुसरी शंका त्याहून गंभीर होती: डार्ट जिवंत वाघिणीवर झाडला होता, की नंतर टोचला? हा वाद इथे मिटवायचा नाही, फक्त पुरावा कसा वाचायचा ते बघू. जिवंत ऊतीला जखम झाली की तिथे रक्तस्राव होतो. मेल्यानंतर रक्ताभिसरण थांबतं, तेव्हा टोचलेल्या जागी तसा रक्तस्राव होत नाही. मग जखमेत रक्त नाही, म्हणजे डार्ट नंतर टोचला, असं म्हणायचं का? थांबा. डार्ट लागला आणि काही सेकंदांतच गोळी लागून जनावर कोसळलं, तरीही रक्तस्राव फार होणार नाही. रक्तात औषध सापडलं नाही, हा पुरावाही तसाच दुबळा, कारण औषध पसरायला लागणारी मिनिटंच मिळालेली नसतात. दोन्ही गृहीतकं जवळपास सारखंच भाकीत करत असतील, तर त्या पुराव्याने त्यांच्यातली निवड होत नाही. निवड करायला तिसरं काहीतरी लागतं: सुई कुठल्या कोनातून आणि किती खोल गेली, आणि घटना घडत असताना लिहिलेली वेळेची नोंद. भरला किती वाजता, झाडला किती वाजता, गोळी किती वाजता. नंतर आठवून सांगितलेली वेळ ही नोंद नव्हे.

त्याच डिसेंबरमध्ये, त्याच परिसरात, अवनीच्या दोन बछड्यांपैकी मादी बछड्याला बेशुद्ध करून पकडलं आणि पेंचला हलवलं. म्हणजे या भूप्रदेशात डार्टने काम होऊ शकतं, एवढं यातून नक्की म्हणता येतं. पण ‘बछड्याला जमलं म्हणजे आईलाही जमलंच असतं’ असं म्हणता येत नाही. वय वेगळं, वजन वेगळं, वेळ वेगळी, आणि उदाहरण एकच. वर्तमानपत्रातल्या चर्चेत अशी उडी खपते, तुमच्या प्रबंधात खपणार नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

तुमच्या कामात हे कसं वापराल?

तुमचा विषय वाघ नसेल. कपाशीवरची बोंडअळी असेल, विहिरीतलं फ्लोराइड असेल, नाहीतर घरोघर फिरून भरलेली प्रश्नावली. प्रत्येक ठिकाणी साखळी असते. प्रश्नावलीचंच घ्या: प्रश्न छापला, विचारला, समोरच्याला कळला, त्याने उत्तर दिलं, तुम्ही ते लिहिलं, मग एक्सेलमध्ये चढवलं. इथेही कड्या सहाच. ‘लोक प्रतिसाद देत नाहीत’ असं लिहिण्याआधी यातली कुठली कडी तुटली, ते दाखवता आलं पाहिजे.

सिनॉप्सिस गाईडकडे नेण्याआधी एक कागद घ्या आणि तुमच्या पद्धतीच्या कड्या एकाखाली एक लिहा. प्रत्येक कडीसमोर दोन रकाने करा: ही तुटली तर काय दिसेल, आणि ते दिसावं म्हणून मी त्याच वेळी काय नोंदवणार आहे. ज्या दोन कड्यांसमोर पहिल्या रकान्यात एकच उत्तर येईल, तिथे तुम्हाला आणखी एक मोजमाप लागणार आहे. ते आत्ताच ठरवा. घटना होऊन गेल्यावर हा रकाना भरता येत नाही.