अकूस्टिक गिटारमधील गुणगुण आणि अर्थिंग

गिटारच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात, त्या सॅडलखाली बसवलेला पिएझो पिकअप कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. मात्र त्याचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, फार मोठा असल्याने आसपासच्या तारांमधील ५० हर्ट्झचा वीजपुरवठा त्यात सहज शिरतो आणि स्पीकरमधून खर्जातली गुणगुण ऐकू येते. गिटारच्या तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर गिटारच्या आतील किंवा केबलच्या शील्डिंगवर, म्हणजे संकेतवाहक तारेभोवतीच्या धातूच्या आवरणावर, संशय घ्यावा. अशा वेळी सर्वप्रथम केबल बदलून पाहावी, कारण तक्रारीचे मूळ तिथे असू शकते.

ग्राउंड लूपमुळे, म्हणजे अर्थिंगचे दोन मार्ग जोडले जाऊन बनलेल्या वलयामुळे, होणाऱ्या गुणगुणीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. गिटारचा अँप्लिफायर आणि सभागृहाचा मिक्सर दोन दूरच्या सॉकेटांना जोडलेले असले की त्यांच्या अर्थिंगमध्ये सूक्ष्म विद्युतदाबाचा फरक राहतो, आणि त्यांना जोडणाऱ्या केबलच्या आवरणातून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. ते शक्य नसल्यास ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा संकेत मिक्सरला योग्य रूपात देणारी पेटी, वापरून त्याचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबावे, म्हणजे संकेत पुढे जातो आणि आवरणाची जोडणी तुटते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा रूढ उपाय मात्र कधीही करू नये, कारण उपकरणात बिघाड झाल्यास तारांना स्पर्श करणाऱ्या वादकाला जीवघेणा धक्का बसू शकतो.