शेजारची दाढ काय म्हणते?

डाव्या बाजूची खालची दाढ काढून दोन वर्षं झाली तरी काकूंचं काही अडलं नव्हतं. उजवीकडून भाकरी चावता येत होती आणि हसताना फट दिसत नव्हती. साताऱ्यातल्या दवाखान्यात त्या आल्या, कारण जेवताना त्या बाजूला सारखं काहीतरी अडकू लागलं होतं.

डॉक्टरांनी तोंडात छोटा आरसा धरला आणि काकूंसोबत आलेल्या त्यांच्या मुलाला जवळ बोलावलं. फटीमागची दाढ पुढे कलली होती. वरची दाढ, चावायला खाली जोडीदार नसल्यामुळे, फटीत उतरू लागली होती. दात काही हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. मुळांभोवती तंतूंचा पातळ थर असतो, आणि आधार गेला की ते हळूहळू सरकतात. ‘एकच तर दाढ गेलीय’ हे दंतवैद्यांना म्हणूनच पटत नाही.

मुलगा ठरवूनच आला होता. “इम्प्लांट करून टाका. खर्चाचं बघू.” महाग ते चांगलं, हा हिशेब दुकानात चालतो, जबड्यात चालेलच असं नाही.

काढघाल करायची कवळी स्वस्त पडते, पण एका दाढेसाठी तोंडात हुकांची कटकट नको म्हणून काकूंनी ती ऐकताक्षणीच नाकारली. राहिला ब्रिज. फटीच्या दोन्ही बाजूंच्या दाढा घासून बारीक करायच्या, त्यांवर कॅप बसवायच्या आणि मधली खोटी दाढ त्यांना जोडायची. काही आठवड्यांत काम होतं, शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र चावायच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर दात कायमचा जातो. एनॅमल पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. काकूंच्या मागच्या दाढेचं रूट कॅनाल झालेलं होतं, अर्धीअधिक दाढ सिमेंटनेच भरलेली. तिला कॅप हवीच होती. पुढची मात्र धडधाकट, कीड औषधालाही नाही. तिने काय घोडं मारलंय, असं डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, शेजाऱ्यांना हात लावत नाही. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रानेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं सुटी करता येईनात. हाडाने धातू घट्ट धरून ठेवला होता. त्यातून १९६५ साली माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे इम्प्लांट बसले. पण त्यासाठी पुरेसं हाड लागतं, आणि दाढ काढल्यावर तिथलं हाड झिजत जातं. शिवाय खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. काकूंच्या जबड्याचा सीबीसीटी स्कॅन पडद्यावर आला तेव्हा डॉक्टरांनी माउसने नसेपर्यंतचं अंतर मोजलं, त्यातले दोन मिलिमीटर राखीव ठेवले आणि दहा मिलिमीटरचा स्क्रू बसेल असं सांगितलं. मुलाचा चेहरा खुलला.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.२.

“काकू, मिशरी लावता?”

“सकाळी एकदाच.”

“किती वेळ?”

काकू मुलाकडे बघू लागल्या. साखर आटोक्यात नसली की जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाची भीती वाढते. मिशरीतल्या तंबाखूने हिरड्यांचं आणखी नुकसान होतं. अशा तोंडात घाईने स्क्रू बसवणं म्हणजे पैसे आणि हाड दोन्ही पणाला लावणं.

ठरलं ते असं: रूट कॅनालच्या दाढेला आता कॅप, इम्प्लांटचा विचार साखर उतरल्यावर. मुलगा जरा हिरमुसला. एवढं ऐकून घेतल्यावर रिकामी फट घेऊन परत जायचं, हे त्याला झेपत नव्हतं. पण हाच निर्णय शहाणपणाचा होता, कारण फट काही महिने थांबू शकते; घासलेली चांगली दाढ परत मिळत नाही.

पुढच्या खेपेला कॅप लॅबमधून आली. डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद सरकवला. “टक-टक करा. आता इकडे-तिकडे घासा.” कॅपच्या कोपऱ्यात गडद ठिपका उमटला, तेवढाच भाग घासला, पुन्हा कागद, पुन्हा टक-टक. ठिपके सारखे दिसू लागेपर्यंत हे चाललं. काकू कंटाळल्या, पण चूळ भरायला उठल्या तेव्हा मुलाकडे बोट दाखवत म्हणाल्या, “साखरेचं याला सांगा. मिशरीचं माझं मी बघते.”